एकवीस गिनींचा कॅमेरा

आपल्याकडे चित्रपट कुणी सुरू केला, असं शाळेतल्या पोराला विचारा. तो दादासाहेब फाळक्यांचं नाव घेईल आणि १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' सांगून मोकळा होईल. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच्या चौदा वर्षं आधी मुंबईत एका मराठी माणसानं कॅमेऱ्याची मूठ फिरवून हलती चित्रं घेतली होती, आणि योगायोग असा की त्याचं स्वतःचंच नाव हरिश्चंद्र होतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना सावेदादा म्हणून ओळखत होती. कलकत्त्याचे हीरालाल सेन हे त्यांचे समकालीन, त्यांचाही मान मोठा. तरी भारतीय माणसानं घेतलेलं पहिलं चलचित्र कुठलं असा प्रश्न निघाला की बहुतेक इतिहासकारांचं बोट सावेदादांकडे वळतं.

त्या पहिल्या चित्रात ना गोष्ट होती, ना देवादिक. कुस्ती होती. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची, मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये, १८९९च्या नोव्हेंबरात झालेली. दुसरं चित्र माकडांचं, म्हणजे माकडं आणि त्यांना खेळवणारा माणूस यांचं. एक खेळ आणि एक प्राणी. सव्वाशे वर्षांनंतर आमच्या परभणीत ज्या कुणाच्या हाती कॅमेरा आहे तोही बहुतेक याच दोन गोष्टींच्या मागं धावताना दिसतो. जत्रेतल्या कुस्त्या आणि शिवारातली हरणं.

मी सावेदादांच्या वाटेला लागलो तोही अशाच कारणानं. माझ्या एका भाच्याला या दोन्ही छंदांनी धरलं आहे. लांबचं जवळ आणणारी, मोठ्या नळीसारखी दिसणारी टेलिफोटो झूम लेन्स घ्यायची म्हणून तो माझ्याकडे आला. लेन्सचं मला जे थोडंफार कळतं त्यासाठी आला असेल असं मला आधी वाटलं. नंतर लक्षात आलं, मामा बँकेतून निवृत्त झालेला असल्यानं हप्त्याचा हिशेब फुकटात करून मिळेल हाही हेतू होता. एकाच लेन्समध्ये कुस्ती आणि काळवीट दोन्ही भागवायचं, असा त्याचा हट्ट. त्याला समजावता समजावता मला भाटवडेकरांची आठवण झाली. त्यांच्याकडे खरोखरच एकच लेन्स होती, आणि तिनं त्यांना काय करायला लावलं हे पाहण्यासारखं आहे.

सावेदादांचा जन्म १८६८चा. ते मुंबईत छायाचित्रकार होते. त्या काळात हा धंदा म्हणजे काचेच्या प्लेटा, रसायनं, अंधारी खोली आणि गिऱ्हाइकाला हलू नका अशी विनवणी. स्टुडिओत आलेला माणूस मानेमागं आधार लावून, श्वास धरून बसायचा. हलला की चेहरा पुसट. अशा धंद्यात मुरलेला हा माणूस १८९६ साली वॉटसन हॉटेलात गेला. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. ७ जुलै १८९६ रोजी तिथं फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. पडद्यावर आगगाडी आली, कारखान्यातून कामगार बाहेर पडले, लोक समुद्रात डुंबले. बाकीच्या प्रेक्षकांना जादू वाटली असेल. आयुष्यभर लोकांना हलू नका म्हणून सांगत आलेल्या छायाचित्रकाराला काय वाटलं असेल, याची कल्पना मी बरेचदा करून पाहिली आहे. हलणं हा त्याच्या धंद्यातला दोष होता. इथं तोच तमाशा होता.

त्यांनी विलायतेहून चलचित्राचा कॅमेरा मागवला. रायली कंपनीचा, किंमत एकवीस गिनी. बँकेत हयात गेलेल्या माणसाला असा आकडा दिसला की त्याचे रुपये केल्याशिवाय राहवत नाही. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे एकूण ४४१ शिलिंग. शतकाच्या त्या अखेरीला रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स ठरलेला होता. त्या हिशेबानं ३३० रुपये बारा आणे झाले, बोटीचं भाडं आणि जकात वेगळी. शंभरभर रुपये तोळा सोनं व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती, त्या काळातले हे ३३० रुपये. शिवाय हे यंत्र चालवून दाखवणारा गुरू नाही, आणि धुतलेली फिल्म मिळायची तर ती बोटीनं लंडनला पाठवून परत येईपर्यंत थांबायचं. असं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर काय शेरा मारला असता ते सांगत नाही.

आता त्या यंत्राकडे पाहू. लाकडी पेटी, बाजूला मूठ. मूठ सेकंदाला दोन वेढे अशा लयीत फिरवायची, म्हणजे साधारण सोळा चित्रं उमटायची. पाऊणशे फूट फिल्म मिनिट-सव्वा मिनिटात संपायची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्या लेखी लाल आणि काळा एकच. अशा फिल्मवर आखाड्याची तांबडी माती गडद पडते आणि मल्लाचा लाल लंगोट काळाच उठतो. आणि अशा कॅमेऱ्याला पुढं एकच भिंग असे, दोन-तीन इंच नाभीय अंतराचं. नाभीय अंतर हा शब्द शाळेत विज्ञानाच्या तासाला ऐकलेला असतो आणि परीक्षेनंतर विसरलेला असतो, म्हणून सांगतो. हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं मोठं दिसतं आणि चौकटीत मावणारा मुलूख तितका अरुंद होतो. टेलिफोटो लेन्स ही मोठ्या आकड्याची असते. झूम म्हणजे तो आकडा जागच्या जागी कमी-जास्त करता येण्याची सोय. सावेदादांकडे दोन्ही नव्हतं.

दोन इंचांच्या भिंगातून दोन पैलवान चौकटभर हवे असतील तर कॅमेरा त्यांच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर लावावा लागतो. त्याहून मागं सरकलात तर पैलवान मुंगळ्याएवढे. पुढं गेलात तर पाय कापले जाणार. आणि एकदा कॅमेरा तिपाईवर बसवला की तो हलवायचा नाही, म्हणजे पैलवानांनीच तेवढ्या पट्ट्यात झुंजायचं. खऱ्या फडात असं होत नाही. खडाखडी करता करता जोड कुठल्या कुठं जाते, पंच मधे येतात, पाठीमागून माणसं उठून उभी राहतात. म्हणूनच ती कुस्ती हँगिंग गार्डनच्या मोकळ्या जागेत मुद्दाम लावलेली होती असं जे सांगतात, ते मला पटतं. भिंग कुस्तीपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून त्यांनी कुस्ती भिंगापर्यंत आणली. उजेडासाठी उघडं आकाश निवडलं. माकडांच्या चित्रातही तीच युक्ती दिसते. रानातलं माकड वीस फुटांवर येऊन सव्वा मिनिट खेळत बसत नाही. खेळवणाऱ्याच्या दोरीतलं माकड बसतं.

मग लांबची भिंगं तेव्हा नव्हतीच का? होती. लंडनच्या थॉमस डाल्मायर यांनी १८९१ साली टेलिफोटो भिंगाचं पेटंट घेतलं होतं. त्यांची युक्ती अशी की नेहमीच्या भिंगाच्या मागं एक अंतर्गोल भिंग बसवायचं, म्हणजे नळी फार लांब न करता दूरचं मोठं दिसतं. आज दुकानात जो टेलिकन्व्हर्टर म्हणून छोटा डबा मिळतो त्यामागचं तत्त्व हेच. पण दूरचं मोठं करायचं तर उजेड मोजावा लागतो. प्रतिमा दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. स्टुडिओत किंवा डोंगर-देवळाच्या फोटोला मिनिटभर भिंग उघडं ठेवून चालतं. सेकंदाला सोळा चित्रं घेणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्यामुळे डाल्मायरचं भिंग देवळांचे कळस टिपत राहिलं आणि कुस्तीला जवळूनच जावं लागलं.

हा उजेडाचा व्यवहार आजही सुटलेला नाही, फक्त आकडे बदलले आहेत. भाच्यानं आणलेल्या यादीत दोन लेन्स होत्या. एक ७० ते २०० मिलिमीटरची, एफ २.८ची. दुसरी १५० ते ६००ची, पण शेवटच्या टोकाला एफ ६.३ची. एफचा आकडा लहान म्हणजे तोंड मोठं, उजेड जास्त. पोराला ६००चा आकडा भुरळ घालत होता. साहजिक आहे. तिप्पट जवळ, आणि वर किंमतही बहुधा कमी. पण २.८ आणि ६.३ मधला फरक उजेडात मोजला तर पाचपट पडतो. आमच्याकडे जत्रेतल्या मोठ्या इनामाच्या कुस्त्या लागायला दिवस मावळतो. हलगी तापलेली असते, माती उडत असते, वर चार दिव्यांचा पिवळा उजेड. ढाक किंवा धोबीपछाड हा डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारा प्रकार. तो गोठवायचा तर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शात तरी फोटो उरकावा लागतो, हजाराव्या हिश्शात उरकला तर उत्तम. तिथं पाचपट उजेड म्हणजे डाव दिसणं आणि नुसता चिखल दिसणं यातला फरक आहे. हल्ली लेन्समध्ये थरथर आवरणारी सोय असते, ती कामाची आहे. पण ती आपल्या हाताची थरथर आवरते, पैलवानाची नाही.

आणि कुस्तीला ६०० लागतातच कुठं? फडाच्या कडेला बसलात तर जोड दहा ते पंधरा मीटरवर असते. पंधरा मीटरवर २०० मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यात दोन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंदीची चौकट देते. दोन पैलवान त्यात अंगासरशी मावतात. जोड जवळ आली की ७०वर यायचं, लांब गेली की २००वर. सावेदादांना जे पैलवानांना सांगून करून घ्यावं लागलं ते इथं डाव्या हाताचं मनगट करतं. बसायचं मात्र जमिनीवर. उभं राहून घेतलेल्या फोटोत मल्ल बुटके दिसतात. खालून घेतला की मागं मांडी घालून बसलेली गर्दी मल्लांच्या खांद्याला खांदा लावून बसल्यासारखी जवळ भासते. कुस्तीच्या फोटोत ती म्हाताऱ्या वस्तादांची, वासलेल्या तोंडांच्या पोरांची गर्दी मला पैलवानांइतकीच हवी असते.

प्राण्यांचं गणित अगदी उलटं. सावेदादा माकडं टिपत होते त्या काळात आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ. त्यांचं काम पाहिलं की आजही मान झुकते. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आले, तेव्हाचा दीनदयाळांचा फोटो प्रसिद्ध आहे. साहेब, मडमसाहेब आणि पुढ्यात वाघ. वाघ अर्थातच मेलेला. त्या पिढीच्या वन्य प्राण्यांच्या फोटोंमधले बरेचसे प्राणी असेच निश्चल आहेत. संथ प्लेटेसमोर आणि आखूड भिंगासमोर शांत राहणारा वाघ एकच, गोळी लागलेला. बंदूक आधी आणि कॅमेरा नंतर, हा क्रम बदलायला लांब भिंग आणि झटपट फिल्म दोन्ही यावी लागली. माकडवाल्याकडे गेलेल्या सावेदादांनी निदान जिवंत प्राणी हलताना दाखवला, हे मला त्यांच्या बाजूनं मांडावंसं वाटतं.

आमच्या शिवारातलं काळवीट माणसाला साठ-सत्तर मीटरच्या आत येऊ देत नाही, आणि येऊ देऊही नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे. आणि शेतकऱ्याच्या उभ्या सोयाबीनमधून कॅमेरेवाल्यानं कळप पळवला तर शेतकरी जे बोलेल ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. साठ मीटरवर ६०० मिलिमीटरची चौकट साडेतीन मीटरहून थोडी रुंद असते. तिच्यात सव्वा मीटर लांबीचं काळवीट ऐटीत उभं राहतं, पुढं पाहायला मोकळी जागा ठेवून. तेच २०० मिलिमीटरनं घेतलं तर अकरा मीटरच्या चौकटीत ते ठिपक्यासारखं. इथं ६००ला पर्याय नाही. उजेड मात्र फुकटचा असतो, सूर्याचा. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान काळविटाच्या काळ्या पाठीवर तो तिरपा पडतो तेव्हा एफ ६.३ पुरतो.

नऊनंतर मात्र घरी यावं. आमची काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. एप्रिल-मे महिन्यांत तर साडेआठपासूनच. लांबच्या लेन्समधून ही थरथर प्राण्याइतकीच मोठी होऊन दिसते. फोटो पुसट आला की माणसं लेन्सला नावं ठेवतात, दुकानदाराशी भांडतात. तिचा दोष नसतो. कितीही महागडी लेन्स घ्या, तुमच्या आणि हरणाच्या मधली तापलेली हवा ती बाजूला सारू शकत नाही. हिवाळ्यात येलदरीच्या फुगवट्यावर पहाटे जाऊन बसलात तर पक्ष्यांच्या बाबतीत हा त्रास जवळजवळ होत नाही. धुकं असलं तर त्याचा वेगळा त्रास, पण तो देखणा.

वजनाचंही सांगून टाकतो. कुस्तीची लेन्स दीड किलोच्या आसपास, हरणाची दोन किलोच्या. दोन किलो हे बाजारातून भाजी आणताना काही नसतं, पण डोळ्यापुढं धरून वीस मिनिटं वाट बघताना ते दहा किलो होतं. फडात एकपायी स्टँड बरा, तिपाईला गर्दीत जागा मिळत नाही. हरणांसाठी सर्वांत उत्तम वाहन जुनी जीप किंवा कुठलीही मोटार, आणि सर्वांत उत्तम स्टँड ज्वारीनं भरलेली कापडी पिशवी. ती खिडकीच्या काचेवर टाकायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. विलायती पिशव्या मिळतात, त्यात प्लॅस्टिकचे मणी असतात. ज्वारी जास्त चांगली बसते आणि मुक्काम लांबला तर भाकरीही होते. शिवारात लेन्स काढून दुसरी लावायची नाही एवढं पथ्य मात्र पाळावं. आमची धूळ पिठासारखी बारीक असते, कॅमेऱ्याच्या पोटात शिरली की निघत नाही.

तर भाच्याला मी एकच लेन्स घे म्हणालो, पण दोन्ही कामांसाठी नाही. वर्षात कुस्त्या किती दिवस आणि हरणं किती दिवस, हे त्याला वहीत लिहून आणायला लावलं. कुस्त्यांचे दिवस दुप्पट निघाले. ७० ते २००वाली घेतली. हरणांसाठी पुढं १.४चा टेलिकन्व्हर्टर लावता येतो. त्यानं २००चे २८० होतात आणि उजेड निम्मा होतो, डाल्मायरचा जुना सौदा. साठ मीटरवरच्या काळविटाला ते पुरत नाही, मग फोटोत काळवीट लहान आणि माळ मोठा येतो. मला तो फोटो आवडतो. भाच्याला नाही.

सावेदादांनाही पुढं असा प्रसंग आला, जो भिंगासमोर मांडून घेणं त्यांच्या हाती नव्हतं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाच्या मानात वाटेकरी झाले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९०१च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत चौपाटीवर त्यांचा सत्कार झाला. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा साहेबाला त्याच्याच घरात हरवून आला होता. मुंबई लोटली. सावेदादांनी कॅमेरा तिथं नेला. आपल्या देशातली ही पहिली वार्ताचित्रफीत मानतात.

हँगिंग गार्डनमध्ये पैलवान थांबवता आले असते, पुन्हा सलामी द्यायला सांगता आलं असतं. चौपाटीवर रँग्लर परांजपे कुणासाठी थांबणार नव्हते. आखूड भिंगाच्या माणसानं अशा वेळी काय करायचं? आधी जाऊन जागा धरायची, वाट कुठून येईल याचा अंदाज बांधायचा, आणि आपल्या समोरून मिरवणूक जाईल त्याच मिनिटासाठी फिल्म राखून ठेवायची. हे कसब लांब लेन्सवाल्यांनाही सुटत नाही. डाव कुठल्या बाजूला पडणार हे ज्याला कळतं त्याच्याच कॅमेऱ्यात तो सापडतो, आणि ते दुकानात मिळत नाही. माझ्या मते सावेदादांचं खरं मोठेपण कुस्तीपेक्षा या चौपाटीच्या फितीत आहे. कुस्ती त्यांनी घडवली होती. ही घटना घडणार हे ओळखून ते तिथं उभे राहिले. १९०३च्या कर्झनच्या दरबाराचंही चित्रण त्यांनी केलं. तिथं हत्ती, राजेरजवाडे, सैन्य. मराठी गणितज्ञाच्या स्वागतापुढं मला त्याचं तेवढं कौतुक वाटत नाही, हा माझा पक्षपात समजा.

फिती घेण्याबरोबर ते त्या दाखवतही असत, विलायती चित्रांच्या जोडीनं, उघड्यावर. पुढं काही वर्षांत त्यांनी चित्रीकरण सोडलं. मुंबईत बोरीबंदरासमोर गेइटी थिएटर होतं, तेच नंतर कॅपिटॉल झालं. त्याचा कारभार त्यांनी सांभाळला आणि त्यात चांगला पैसा मिळवला. पहिलेपणाच्या मानानं पोट भरत नाही हे त्यांना वेळेवर कळलं असावं. फाळक्यांनी आपल्या वेडापायी घरदार गहाण टाकलं, बायकोचे दागिने विकले. सावेदादा त्या वाटेनं गेले नाहीत. त्यामुळेच कदाचित आपण त्यांच्यावर पुतळे आणि पुरस्कार उधळले नाहीत. आपल्याला होरपळलेली माणसं लवकर लक्षात राहतात. व्यवहार सांभाळून दोन-चार मोठ्या गोष्टी करून गेलेल्या माणसाबद्दल मला, माझ्या आधीच्या नोकरीमुळे असेल, जरा जास्तच आदर वाटतो.

त्यांना आयुष्य भरपूर मिळालं. मुका सिनेमा आला आणि गेला, बोलका आला, देश स्वतंत्र झाला, आमची परभणी निजामातून सुटून भारतात आली. १९४७ सुमारास अमेरिकेत डॉ. फ्रँक बॅक यांची झूमार लेन्स दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांवर चढली आणि मैदानावरचा खेळाडू बसल्या जागेवरून जवळ-लांब करता येऊ लागला. सावेदादा २० फेब्रुवारी १९५८ रोजी वारले, नव्वदीला तीन आठवडे कमी असताना. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, साध्या ३५ मिलिमीटरच्या फोटो कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात आली.

हँगिंग गार्डनची ती फीत आज शिल्लक नाही. माकडांचीही नाही, चौपाटीचीही नाही. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी आणि न पेटली तर आपोआप सडणारी. राहिली ती नावं. भारतीय चित्रपटाच्या कुठल्याही इतिहासाचं पहिलं पान उघडा, राजा, राणी, नट, नटी कुणी भेटण्याआधी तिथं पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी एकमेकांना भिडलेले असतात.